सबज्याला खिडकीची जागा

वाफ्यात कोथिंबीर दाट उगवली की भानुदासतात्या तिच्याशेजारी उकिडवे बसत आणि विरळणी करता करता म्हणत, "पुढं सरका. मधी जागा हाय, पुढं सरका." आवाज चढलेला नसे. एस.टी.त कंडक्टर म्हणून काढलेल्या सगळ्या नोकरीत हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की त्यातला हुकूम केव्हाच झिजून गेला होता आणि नुसती सवय उरली होती. उपटलेली कोवळी रोपं ते फेकत नसत. पाटीत ठेवत, आणि संध्याकाळी ती त्यांच्या नाहीतर माझ्या घरी आमटीत पडत.

आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. हर्सूलच्या या बाजूला मोकळी जमीन होती तेव्हा दोघांनीही प्लॉट घेतले. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते, ते आगारात. निवृत्तीही थोड्याफार अंतराने झाली. "तुमची पुस्तकं आन माझे पॅसेंजर," ते एकदा म्हणाले, "कुणाला कुठं बसवायचं हेच आपलं काम. फक्त तुमचे लोक भांडत नव्हते." गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. एखादं वाक्य लिहून होतं, मग मी उठून भिंतीपलीकडे पाहून येते, आणि पुन्हा बसेपर्यंत दुपार होते.

ठेंगणी मूर्ती, डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला. चामड्याच्या पिशवीचा पट्टा त्या खांद्यावर वर्षानुवर्षं असायचा. चालताना पाय फाकवून चालत, जणू जमीन कोणत्याही क्षणी वळण घेईल. सिल्लोडच्या रस्त्यावर हलत्या गाडीत उभं राहून राहून ती चाल लागली होती आणि सपाट अंगणातही ती सुटली नाही. लागवडीच्या दिवशी ते जुना खाकी शर्ट घालत. एरवी पांढरा सदरा, पण रोपं लावायची म्हटली की खाकी. खिशात तिकिटांना भोकं पाडायचा जुना चिमटा. तिकिटाची यंत्रं आली तेव्हा आगारानं भंगारात काढलेल्यातला एक त्यांनी मागून घेतला होता. काम करता करता तो चिमटा ते रिकामाच वाजवत. टिक, टिक. त्या आवाजावरून ते बागेच्या कोणत्या कोपऱ्यात आहेत हे मला इकडे वाचत बसल्या बसल्या कळे.

घरामागची ती बाग म्हणजे चार-सहा वाफे, मधून पायवाट, शेवटाला जमिनीत जवळजवळ काठापर्यंत पुरलेला पाण्याचा उघडा हौद. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे ज्याच्याकडे हौद नाही त्याच्याकडे बागही नाही. तात्यांच्या बागेत एक गोष्ट मात्र इतर कुठे मी पाहिलेली नव्हती. तिथे एकही भाजी एकटी नसे. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी आणि मधूनमधून एखादी वासाची वनस्पती बसवलेली असे. टोमॅटोजवळ सबजा, वांग्यांजवळ मरवा, कोबीजवळ शेपू, मिरचीजवळ कोथिंबीर. तात्या 'लावली' म्हणत नसत, 'बसवली' म्हणत. सबज्याला कडेची, उन्हाची जागा लागते म्हणून तो खिडकीत. कोथिंबिरीला दुपारचं ऊन सोसत नाही म्हणून ती मिरचीच्या सावलीत, आतल्या सीटवर.

कारण विचारलं तर सांगत, "भाजी एकटी निघाली की किडीला लगेच पत्ता लागतो. कीड वासावर येती. शेजारी दुसरा कुणी घमघमाट करणारा बसला, की तिला आपली गाडी कोणती तेच उमगत नाय. चुकीच्या फलाटावर हिंडत बसती." कीड खरोखर किती चुकत होती हे मला सांगता येणार नाही. कोबीवर अळी कमी असायची, हे मी पाहिलं आहे. वांग्याला मात्र मरवा शेजारी असूनही शेंडेअळी लागायचीच. तेव्हा तात्या पोखरलेला शेंडा खुडून म्हणत, "हिचा पास हाय."

त्यांच्या चुकाही होत, आणि त्या ते लपवत नसत. पहिल्याच वर्षी त्यांनी भेंडीशेजारी पुदिना मोकळा लावला. पावसाळ्यानंतर पाहिलं तर पुदिना भेंडीत, पुदिना मिरचीत, पुदिना पायवाटेवर, आणि एक फाटा भिंतीखालून माझ्या जाईच्या मुळाशी येऊन पोचलेला. मी बोलावून दाखवला. त्यांनी भिंतीवरून वाकून पाहिलं. "विदाऊट तिकीट आला की," एवढंच म्हणाले. मग तेलाच्या डब्यांचे तळ कापून ते त्यांनी जमिनीत पुरले आणि पुदिन्याला त्यात बसवलं. तेव्हापासून पुदिना जागेवर आहे.

दुसऱ्यांदा मी स्वतःच बोलले. त्यांनी टोमॅटोत बडीशेप लावली होती आणि मी कुठेतरी वाचलं होतं की बडीशेपेजवळ टोमॅटो नीट वाढत नाही, दोघांचं पटत नाही. भिंतीवरून तसं सांगितलं. तात्या हसले. "ताई, पटत नसलेल्या लोकांना मी आख्ख्या नोकरीभर सिल्लोडपर्यंत नेलं. भांडत का होईना, पोचतेत." त्या वर्षी टोमॅटो पोचले नाहीत. झाडं खुरटली, फळं लिंबाएवढी राहिली. एके सकाळी पाहते तर बडीशेप फाटकाजवळ एकटी उभी केलेली. "तुमच्या पुस्तकाचं खरं निघालं," तात्या म्हणाले. "हिला ड्रायव्हरच्या केबिनीत बसवली." आणि त्या बडीशेपेचं पहिलं बी त्यांनी माझ्याकडे आणून दिलं.

बागेला आणखी एक कारण होतं. ते त्यांनी मला एकदा पाणी आलेल्या दिवशी, हौद भरत असताना सांगितलं. नळाची धार वाजत होती, त्यामुळे आत स्वयंपाकघरात ऐकू जाणार नव्हतं.

त्यांच्या बायकोला सगळे जिजी म्हणत. मुलगाही आणि आम्ही शेजारीही. जिजीची नजर जात होती. काचबिंदू. "कडंचं काहीच दिसत नाय तिला आता," तात्या धारेकडे पाहत म्हणाले. "समोरचं दिसतं, तेबी नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणला, गेलेली परत येत नाय, ऱ्हायलेली सांभाळा." हे मुलाला कळवायचं नाही, असं जिजीनं बजावलं होतं. संतोष चितेगावच्या एका कंपनीत होता, पैठण रस्त्याकडे फ्लॅट घेऊन राहत होता. कळलं असतं तर तो त्याच आठवड्यात दोघांना फ्लॅटवर घेऊन गेला असता, आणि तिथे वर्षानं, म्हणजे सुनेनं, सासूला गॅसजवळ फिरकू दिलं नसतं. "पोरगी लई चांगली हाय," तात्या म्हणाले. "चहाचा कपसुद्धा हातात देईन. त्याचंच भ्याव हाय जिजीला. तिला आयतं बसवलं की ती संपली."

जिजीला एवढंच हवं होतं: सकाळी आपली भाजी आपण तोडायची आणि आपल्या चुलीवर शिजवायची. चूल केव्हाच गॅसची झाली होती, पण शब्द तिचा तोच होता.

तिचं माहेर सिल्लोडकडचं, मेंढरं राखणारं. अंधारात कोणतं मेंढरू अंगाला घासून गेलं ते वासावरून सांगता यायचं, असं ती म्हणे. तात्या म्हणत, थापा मारती. पण नजर जाऊ लागली तेव्हा तिनंच सांगितलं, की मला प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी वेगळा वास करून द्या, बाकीचं माझं मी बघते. पान चोळलं की टोमॅटो टोमॅटोच कळतो, पण त्याआधी टोमॅटोपाशी पोचावं लागतं. त्यामुळे किडीसाठी बसवलेल्या शेजाऱ्यांचे तात्यांनी जिजीसाठी थांबे केले. पायरीजवळ गवती चहा. तिथून निघायचं. लुगड्याचा काठ आणि मोकळा सोडलेला उजवा हात पानांना घासत न्यायचा. मरवा आला की वांगी, सबजा आला की टोमॅटो. आणि अगदी शेवटी, हौदाच्या अलीकडे, पानओव्याचं दाट झुडूप. ओव्याचा वास आला की पुढे पाऊल टाकायचं नाही, वळायचं.

दरवर्षी टोमॅटो त्याच वाफ्यात घेता येत नाही, रोग धरतो. तेव्हा वाफा बदलायचा, पण सबजा त्याच्याबरोबर हलायचा. "सीट बदलली तरी शेजारी बदलायचा नाय," हा तात्यांचा नियम होता. बदलाच्या दिवशी ते जिजीला एकदा सगळीकडून फिरवून आणत, एवढंच.

जिजी याबद्दल बोलताना कधी हळवी झाली नाही. "आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांना उतरवलं," ती मला म्हणे, "आता मला भेंडीपाशी उतरवतेत." मग तात्या लांबून हौदाच्या पाइपावर चिमटा दोनदा वाजवत. टण टण. एक वाजला की थांबा, दोन वाजले की निघा. एवढी भाषा त्या दोघांना पुरत असे.

अशी दोन-तीन वर्षं गेली. संतोषला काही कळलं नाही. तो रविवारी यायचा, जिजीच्या हातचं वांग्याचं भरीत आणि भाकरी खायचा, आणि पिशवीभर भाजी घेऊन जायचा. कधी जिजी त्याच्या तोंडाकडे न बघता बोलली तर त्याला वाटे, ती रुसली आहे.

मग एका दिवाळीत वर्षानं चांगल्या मनानं एक गोष्ट केली.

भाऊबिजेला तात्या जिजीला घेऊन तिच्या भावाकडे सिल्लोडला गेले होते आणि मुक्कामाला राहिले. मीही त्या दिवशी बहिणीकडे होते. घर संतोष आणि वर्षाच्या हवाली. बागेत ठिकठिकाणी विखुरलेली ही झुडपं वर्षाला कधीपासून खटकत होती. चिमूटभर कोथिंबिरीसाठी सासूनं एवढी चिखलातून पायपीट का करायची? तिनं नवऱ्याला हाताशी धरलं, बाजारातून कुंड्या आणल्या, त्यांना स्वच्छ पांढरा रंग दिला आणि एकेक रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद काढून त्या कुंड्यांमध्ये लावलं. मरवा, सबजा, शेपू, पुदिना, ओवा, सगळे एका ओळीत, स्वयंपाकघराच्या दाराशी. पाणीसुद्धा बेताचं घातलं होतं. पानही कुठे मोडलं नव्हतं.

तात्या-जिजी परतले तेव्हा अंधार पडला होता. पुढच्या दारानं आले, जेवले, झोपले. सकाळी वर्षा सासूला हाताला धरून कुंड्या दाखवणार होती, पण जिजीची उठायची वेळ तिच्या आधीची. मी भिंतीशी जाईची फुलं काढत होते. जिजी मागच्या दारातून टोपली घेऊन बाहेर आली. दाराशी सगळे वास एकदम आल्यानं ती थोडी थबकली. बहुधा तिला वाटलं, आतल्या ओट्यावर रात्री कुणी जुड्या निवडल्या असतील. गवती चहा मोठा म्हणून वर्षानं हलवला नव्हता. त्याला हात लावून ती निघाली.

पुढे काहीच आलं नाही. ती चालत राहिली, हात खाली सोडलेला, पानं घासत होती, पण ती नुसती पानं होती. वांगी मागे पडली, टोमॅटो मागे पडले. चाल तीच, घाई नाही. ती वास येण्याची वाट पाहत होती. तोवर वर्षा उठून फोनचा कॅमेरा चालू करून पायरीवर आली होती, सासूचं आश्चर्य टिपायला, आणि तिच्यामागे संतोष. मला तेव्हाच दिसलं की हौदापाशी ओवा नाही. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मागच्या ओसरीच्या लोखंडी जाळीवर चिमट्याचा एकच ठोका पडला.

जिजी जागच्या जागी थांबली. हौदाचा काठ तिच्या पावलापुढे वीतभर होता.

तात्या जाळीमागे चहाचा कप हातात घेऊन उभे होते. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर सगळं उघड झालं असतं, आणि तोवर तरी त्यांना ते नको होतं. जिजीनंच ते उघड केलं. मागे न वळता तिनं विचारलं, "काय हो, थांबे कुठं गेले?"

वर्षाच्या हातातला फोन खाली आला. संतोष वाफे तुडवत धावला, आईला धरलं, तिच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला. "जिजी, तुला दिसत नाही?"

"तुला आत्ता दिसलं व्हय?" जिजी म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

त्यानंतर जे बोलणं झालं ते ओसरीवर झालं. मी आत निघाले होते, पण तात्यांनीच मला हाक मारून बसवलं. संतोषचं म्हणणं थोडक्यात असं, की आजच्या आज सामान बांधायचं. तो चिडला होता आणि घाबरलाही होता. हौदात पाणी होतं. वर्षा रडत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती की मी मुद्दाम नाही केलं. जिजी म्हणाली, तिला कुणी बोलू नका, तिनं रोपं किती जपून काढलीत ते मला वासावरून कळतंय. आणि मग एकदम शांतपणे मुलाला म्हणाली, "मी येते तुझ्याकडं. पर तिथं मी काय तोडू?"

तात्यांनी वादच घातला नाही. म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत थांब. पॅसेंजर आपापल्या सीटवर बसू दे. मग तूच बघ आन तूच ठरव."

तो दिवस मला फार स्पष्ट आठवतो. तात्यांनी खाकी शर्ट घातला. वर्षा एकेक कुंडी उचलून आणायची आणि विचारायची, "मामा, हा कुठं?" तात्या पायवाटेवर फाकवल्या पायांनी उभे राहून चिमट्यानं जागा दाखवत. शेपूनं मान टाकली होती. तिला ते म्हणाले, "गाडी लागली का बाई? पानी पी." वर्षा रडता रडता हसली. ओव्याची पाळी आली तेव्हा ती म्हणाली की हा कुंडीसकटच ठेवू या. जिजीनं सकाळी हौदापासून परत येताना दाराशी खाली वाकून कुंड्यांकडे पाहिल्यासारखं केलं होतं, हे तिच्या लक्षात राहिलं होतं. तिनं विचारलं, "जिजी, पांढरं दिसतं का तुम्हाला?" जिजी म्हणाली, थोडं दिसतं, चुना लावलेली भिंत दिसते. मग हौदाच्या काठाने उरलेल्या सगळ्या पांढऱ्या कुंड्या लागल्या, सगळ्यांत ओव्याची फांदी खोचलेली. संतोष बाजारात जाऊन हौदाला झाकण बसवणारा माणूस घेऊन आला. तात्या म्हणाले, "हे मला सुचायला पायजे होतं."

दुसऱ्या सकाळी रोपं मलूल होती, पण वास उलट जास्त येत होता. जिजी गेली, फिरली, ओव्यापाशी वळली, परत आली. टोपलीत भरताची वांगी, मिरच्या, टोमॅटो. टोमॅटोत एकही कच्चा नव्हता. संतोष पायरीवर बसून सगळं पाहत होता. त्यानं भरीत-भाकरी खाल्ली, पुन्हा वाढून घेतली, हात धुतला आणि कामावर गेला. फ्लॅटचं नाव त्यानं काढलं नाही. पुढच्या रविवारी फक्त विचारलं की सबज्याचं बी कुठे मिळतं.

आता संतोष आणि वर्षा इथंच राहतात. तात्यांची छाती कुरकुरायला लागली तेव्हा फ्लॅट भाड्यानं देऊन तीच इकडे आली. संतोष चितेगावला इथून जातो, लांब पडतं, पण तो तक्रार करत नाही. वर्षाला विरळणी जमते. ती काही म्हणत नाही, मात्र विरळणी करताना तिचे ओठ हलतात आणि काय म्हणत असेल ते मला ठाऊक आहे.

तात्यांना मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात नेण्याच्या आदल्या सकाळी. ऊन अजून कोवळं होतं. ते ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. स्वेटरवरून खाकी शर्ट चढवलेला, गुंड्या उलटसुलट. धाप लागत होती म्हणून बोलणं जवळजवळ बंद होतं. जिजीला तोवर चुन्याची भिंतही दिसेनाशी झाली होती. तिनं गवती चहाला हात लावला आणि निघाली. मी भिंतीशी पेपर घेऊन उभी होते, पण वाचत नव्हते. मरव्यापाशी ती वाकली, सबज्यापाशी वाकली, मिरचीपाशी कोथिंबिरीला उगाच हात फिरवून पुढे गेली. ओव्यापाशी थांबली, एक पान तोडून तोंडात टाकलं आणि वळली. येऊन टोपली तिनं तात्यांच्या मांडीवर ठेवली.

तात्यांनी एकेक वांगं उचलून, फिरवून पाहिलं, जसं एखाद्याचं तिकीट पाहावं. एका टोमॅटोला नाकाशी नेलं. मग टोपली तिच्या हातात दिली, खिशातून चिमटा काढला आणि जाळीवर सावकाश, पुरेसं अंतर ठेवून, दोनदा वाजवला. जिजी भिंतीला हात न लावता स्वयंपाकघरात गेली.